परीच्या शेवटच्या दोन ओळी

हॅगडेल, ७ नोव्हेंबर १९९३

मेव्हिस,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी कोण मेलं ते शोधशील. कोणी मेलेलं नाही. 'प्रिय' मी मुद्दाम लिहिलेलं नाही, विसरले असं समजू नकोस. आईच्या अंत्यविधीला तू आली नाहीस. टास्मानिया लांब आहे हे मला नकाशात दिसतं. तू फुलांचं चक्र पाठवलंस, ते आदल्या दिवशीच येऊन चर्चच्या दारात सुकलं. हे मी विसरलेले नाही आणि हे पत्र म्हणजे समेट नाही.

मग लिहितेय कशाला? तर मला डेस्मंड हॅलवेलवर सूड उगवायचा आहे आणि त्यात मनापासून आनंद होईल असं माणूस या पृथ्वीवर तुझ्याशिवाय दुसरं नाही. त्यानं तुझं गाणं काढून पॉलीनला दिलं आणि मग लग्नही पॉलीनशीच केलं, नाताळातल्या गाण्या-हशाच्या नाटकाचं, ते पँटो मला आठवतंय. तू कोटांच्या खोलीत बसून रडत होतीस. आता तो दातांचा डॉक्टर आहे, आपल्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष आहे आणि दिग्दर्शकही तोच. गाव त्याच्यापुढे तोंड उघडून बसतं, पण त्याच्याविरुद्ध उघडत नाही.

माझ्या जिलनं तुला नाताळच्या कार्डात काय कळवलं असेल ते असो. आईपेक्षा मावशीशी बरं जमतं तिचं. मी सांगते ते असं आहे.

गेल्या नाताळचं पँटो. माझा विल्फ नेहमीप्रमाणे म्हातारीच्या सोंगात. इतकी वर्षं तो हे सोंग घेत आलाय की पोरं त्याला रस्त्यातसुद्धा 'काकू' म्हणून हाक मारायची आणि तोही टोपी काढून लाजल्यासारखं करायचा. दुसऱ्या अंकातला स्वयंपाकघराचा प्रवेश. विल्फच्या हातातून लाटणं पडलं. त्यानं ते उचललं नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि शब्द ओल्या कणकेसारखे चिकटून यायला लागले. समोर डेस्मंड, खलनायकाच्या काळ्या झग्यात, इतका जवळ की नाकाला नाक लागावं. जन्मभर लोकांची तोंडं बघितलेला माणूस. त्यानं काय करावं? प्रेक्षकांकडे वळला आणि म्हणाला, "काय गं म्हातारे, आज किती ढोसलीस?"

हॉल हसून लोळला. मग डेस्मंडला चेव आला. "सरळ उभी राहा की गं! का फरशी हलतेय? कुणीतरी हिची बाटली काढून घ्या रे!" आणि विल्फ टेबलाला धरून उभा. मी तेव्हा जिन्याखाली माझे परीचे पंख बांधत होते. हशा ऐकून मला वाटलं, वा, आज रंगलाय प्रवेश.

पडदा पडल्यावर कळलं, पक्षाघाताचा झटका होता. हॉस्पिटलातला डॉक्टर म्हणाला, लवकर आणलं असतं तर बराचसा हात वाचला असता, बोलणंही वाचलं असतं. बरं, डेस्मंडनं चूक कबूल करावी? चोराच्या उलट्या बोंबा. पबमध्ये जाऊन मान हलवत म्हणाला, "बिचारा विल्फ. पण स्टेजवर चढण्याआधी घ्यायला नको होती." बस, गावानं तेच धरलं. विल्फ प्यायला आणि त्याला झटका आला. नाताळला अर्धा ग्लास बिअर पिणारा माझा नवरा! पाद्रीबुवासुद्धा मला म्हणाले, "व्यसन हा आजार असतो, एनिड." विल्फ तेव्हापासून घराबाहेर पडलेला नाही. फाटकापर्यंतही नाही. त्याला वाटतं, लोक वाकड्या तोंडाकडे बघून मनात बाटली बघतात. खरंच बघतात.

मला दुसरं काही नको. विल्फचं नाव मला धुऊन हवंय, आणि ते ज्यानं मळवलं त्याच्याच अंगावर ते पाणी ओतायचंय, सगळ्या गावासमोर.

यंदा म्हातारीचं सोंग डेस्मंड स्वतः घेतोय. विल्फच्याच झग्यांमध्ये. मी शिवलेल्या. परवा मला म्हणाला, "एनिड, कमरेत जरा सैल करशील का? विल्फ बारीक होता." होता म्हणे! मी सैल केला. टाचण्या आत ठेवायचा मोह झाला, पण एवढ्यावर भागायचं नाही.

आता ऐक. तालमीत शेवटच्या दोन ओळी कोणी म्हणायच्या नाहीत, हे तुला सांगायला नको. म्हटल्या तर खेळ बुडतो. पहिल्या खेळाला, भरल्या हॉलसमोर, त्या पहिल्यांदा कानावर पडायच्या. सगळे नट रांगेत उभे, म्हातारी मधोमध सगळ्यांत मोठ्या झग्यात, कुणाला हलता येत नाही. आणि त्या ओळी म्हणायच्या परीनं. आणि यमक जुळवायचं तेही परीनंच, म्हणजे मी.

लोक म्हणतात, एनिडचं मन मोठं, एवढं होऊनही मंडळ सोडलं नाही. म्हणू देत.

एनिड


३० नोव्हेंबर

मेव्हिस,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं म्हणून. "लिही त्या ओळी. आणि नाव घे त्याचं, नुसतं सूचक नको." एवढंच. न तब्येतीची चौकशी, न हवापाण्याची. लहानपणी भांडायचीस तशीच आहेस. मला बरं वाटलं.

तालमी जोरात चालल्यात. यंदा गाय आणि राक्षसाचं कथानक आहे. गायीच्या सोंगात दोघं, पुढचे पाय पोस्टातला रॉनी आणि मागचे पाय आमचा जावई केथ. केथला रंगमंचावर आणायला याहून योग्य जागा नव्हती. तो आत काही बघू शकत नाही, आणि रॉनी डावीकडे गेला की हा उजवीकडे जातो, त्यामुळे मध्ये गाय लांबते. जिल हसून हसून खाली बसते. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण नवरा इतका आवडलेला मी तिला कधी पाहिला नव्हता.

डेस्मंड म्हातारी वाईट करत नाही, हे लिहिताना माझी लेखणी मोडायला हवी. पण ती सगळी विल्फची म्हातारी आहे. तीच कमरेवर हात ठेवायची लकब, तेच ठसक्यात एप्रन झटकणं, तेच पोरांना डोळा मारणं. त्याचं स्वतःचं काही नाही. मला विंगेत उभं राहून ते बघावं लागतं.

गेल्या गुरुवारी त्यानं मला गाठलं. भांड्यातला चहा ओतत होते.

"एनिड, ओळी झाल्या का?"

"झाल्या."

"जरा कानात सांग की."

"डेस्मंड! अपशकुन."

"अगं, कानात सांगितलं म्हणजे म्हटल्या असं थोडंच होतं?"

"माझ्याआधी परी व्हायच्या त्या पाद्रीणबाईंनी एकदा कानात सांगितल्या होत्या. राक्षसाचा पाय मोडला."

"तो आधीच दुखत होता," असं म्हणाला खरा, पण तोंड पांढरं झालं. तू त्याला ओळखतेस. ड्रेसिंग रूममध्ये कुणी शिट्टी वाजवली तर बाहेर जाऊन तीन वेळा गोल फिरून येणारा माणूस. लाकडाला हात लावून निघून गेला. तालमीच्या शेवटी मी रांगेपुढे येते, जादूची काठी वर करते आणि म्हणते, "टमटम टमटम टमटम टमटम." सगळे टाळ्या वाजवतात. सर्वांत जोरात डेस्मंड.

विल्फला यातलं काही ठाऊक नाही. तो खिडकीत बसतो. बोलणं शिकवणारी बाई बुधवारी येते, वाक्यं देऊन जाते. मी भांडी घासताना ऐकते. "दु... दु... दु..." आणि मीच ओरडते, "दुकान!" बाई मला म्हणाल्या, "मिसेस ऑगडन, त्यांचे शब्द तुम्ही पूर्ण करू नका." मी म्हटलं, बरं. पण जमत नाही गं. मला त्याचं थांबणं बघवत नाही.

तो ओळींना कधीच हो म्हणणार नाही, म्हणून त्याला सांगितलेलं नाही. तो म्हणेल, सोडून दे. विल्फनं आयुष्यभर सोडूनच दिलंय, म्हणून तर लोकांनी उचललं.

एनिड


१५ डिसेंबर

मेव्हिस,

घाईत आहे. पंखांना सोनेरी कागद चिकटवायचाय.

झाल्या ओळी. तू म्हणालीस तसं नाव घातलंय.

थेंबही नव्हता घेतलेला, झटका आला होता विल्फला;
डेस्मंड तुम्हां हसवत राहिला, डॉक्टर नाही बोलावला!

मी चालीवर म्हणून बघितलं. छान बसतं. अंघोळ करताना म्हटलं, नळ जोरात सोडून, म्हणजे ती तालीम धरली जाऊ नये.

स्टेफी, जिलची मुलगी, आता सात वर्षांची आहे, तू तिला पाहिलेलंच नाहीस. ती काल विल्फच्या मांडीवर चढून बसली. "आजोबा, तुम्ही नाही आलात तर 'मागे बघ, मागे बघ' कोण ओरडणार?" विल्फनं मान हलवली. नाही. "आजोबा, बाबा गायीच्या ढुंगणात आहेत!" तरी नाही. ती रडली. मला आतून बरं वाटलं हे कबूल करते. त्यानं तिथे नसावंच. हा दगडाखालचा हात मी एकटी सोडवेन, त्याला घरी आल्यावर सांगेन, की झालं, आता चल दुकानात.

शनिवारी दुपारी पहिला खेळ.

एनिड


१९ डिसेंबर

मेव्हिस,

झालं. पण तुला वाटतं तसं नाही. सगळं क्रमानं सांगते, मला स्वतःलाच एकदा नीट मांडून बघायचंय.

हॉल ठासून भरला होता. हीटर नेहमीप्रमाणे एकाच बाजूला गरम, त्यामुळे अर्धं गाव कोट काढून आणि अर्धं गाव मफलर गुंडाळून. पहिल्या अंकात मी आले, काठी फिरवली, पोरांना "नमस्कार मुलांनो" म्हटलं, त्यांनी छप्पर उडेल इतक्या जोरात उत्तर दिलं. आणि तिसऱ्या रांगेत, जिल आणि स्टेफीच्या मध्ये, करड्या सुटात, मांडीवर टोपी ठेवून विल्फ.

स्टेफीनं त्याला आणलं होतं. सकाळी मी हॉलवर गेल्यावर येऊन बसली ती त्याच्या पायाशी, बूट घेऊन, आणि बूट चढेपर्यंत उठलीच नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त तो दिसला आणि माझं वाक्य विसरायला झालं.

सांगू का, खेळ फार छान झाला. खरंच. गाय दोन वेळा लांबली आणि एकदा केथ मागे राहून पुढचे पाय एकटेच विंगेत गेले. विल्फ हसला. एका बाजूनं हसला, पण खांदे हलत होते. वर्षभरात पहिल्यांदा. चॉकलेटं उधळली तेव्हा त्यानं चांगल्या हातानं एक झेललं आणि स्टेफीला दिलं. राक्षस मागून आला तेव्हा सगळी पोरं "मागे बघ!" ओरडली आणि मी विंगेतून बघितलं, त्याचंही तोंड हलत होतं. डेस्मंडनं विल्फचीच एप्रन झटकण्याची लकब केली तेव्हासुद्धा तो हसला, मान डोलावून, एखाद्या मास्तरानं पोराचं बरं आलं म्हणून डोलवावी तशी.

मला थांबता आलं असतं. साध्या ओळी तयार होत्याच डोक्यात, "राक्षस गेला, गाय परतली, चला घरी, रात्र झाली" असल्या. कुणाला काही कळलं नसतं. विंगेत उभी राहून मी तेवढा विचार केला. मग डेस्मंड शेवटचा झगा घालून माझ्यासमोरून गेला. जांभळा, घेरदार, विल्फच्या साठीला मी शिवलेला. माझ्या गालाला चिमटा काढून म्हणाला, "चल परी, कर गोड शेवट." आणि विचार संपला.

रांग लागली. म्हातारी मधोमध. मी पुढे आले, काठी वर केली आणि म्हटल्या. स्वच्छ, सावकाश, शेवटच्या रांगेपर्यंत.

मेव्हिस, लोक हसले.

काय मूर्ख मी! जन्म या हॉलमध्ये गेला आणि एवढं कळलं नाही. पँटोच्या शेवटी परीनं यमकात म्हातारीची खोड काढली तर लोक हसणार नाहीत तर काय करतील? वर्षानुवर्षं आम्हीच त्यांना ती सवय लावली. कसाई, पोलीस, पाद्री, सगळ्यांची नावं यमकात घालून हसवलंय. कुणी अर्थच ऐकला नाही. नाव ऐकलं, यमक ऐकलं, हसले. आणि डेस्मंड? एक क्षण त्याचा चेहरा पडला, मी बघितला तो. पण लगेच दोन्ही हातांनी झगा धरून गिरकी घेतली, प्रेक्षकांकडे बोट नाचवलं आणि किंचाळला, "अगं बाई, परीलाही चढली की गं!"

छप्पर उडालं. त्याला अशी टाळी आयुष्यात मिळाली नसेल.

म्हणजे बघ, मी काय केलं. ज्या हॉलमध्ये विल्फच्या झटक्याला लोक हसले होते, तिथेच त्यांना पुन्हा हसवलं. त्याच झटक्याला. आणि या वेळी तो तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होता.

मग तो उठला. पुढच्या खुर्चीची पाठ धरून. त्याची चालायची काठी खाली पडली, जिल उचलायला वाकली, त्यानं तिला हातानं बाजूला केलं. पुढच्या रांगेतल्यांना आधी दिसलं, त्यांचं हसणं बंद झालं. मग त्यांच्या मागच्यांचं. असं करत सगळ्या हॉलचं. विल्फ उभा होता, तोंड वाकडं, डोळ्यांत पाणी नाही काही नाही. बोलायला लागला. आणि अख्खा हॉल थांबला.

"ख... ख... खरं," म्हणाला. मग पुन्हा बराच वेळ. मी स्टेजवरून ओठ दाबून उभी, शब्द तोंडात येत होता तो गिळत. "बो... बोलतेय. ती."

बसला.

पियानोवर बसलेली मिसेस टॅटरसॉल हात वर धरून थिजली. आणि मग स्टेफी खुर्चीवर उभी राहिली आणि डेस्मंडकडे बघून तिनं सुरू केलं, "बूऽऽऽ!" खलनायकाला करतात तसं. दुसरं पोर लागलं. मग सगळी पोरं. मेव्हिस, म्हातारीला कुणी बू करत नाही. कधीच नाही. राक्षसाला करतात, दुष्ट जमीनदाराला करतात. म्हातारी पोरांची असते. जांभळ्या झग्यात डेस्मंड उभा आणि गावातलं एकूण एक पोर त्याला बू करतंय. मोठ्यांपैकी कुणी पोरांना दटावलं नाही.

मिसेस टॅटरसॉलनं शेवटी शेवटचं गाणं वाजवलं, पण गाणारं कोणी नव्हतं. पडदा पाडला.

आता तू म्हणशील, मग जिंकलीस की. थांब. रात्री घरी कोट टांगताना विल्फ म्हणाला, "वि... विचा..." मी म्हटलं, "विचारायला हवं होतं?" त्यानं भिंतीवर तळहात आपटला. मग स्वतः पूर्ण केलं. "विचा... रायचं होतंस. माझं. तोंड."

मी माफी मागितली नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. पण मला झोप लागलेली नाही, एवढं लिहिते.

एनिड


१२ जानेवारी १९९४

मेव्हिस,

तुझं कार्ड मिळालं. "पोरांनी बू केलं" हे वाचून तू स्वयंपाकघरात एकटी हसलीस म्हणे. हस. इथे मी पण हसले, पण जरा उशिरा.

बातम्या. मंडळानं मला काढलं. परीनं प्रेक्षकांचा अवमान केला, असं पत्रात आहे. चौतीस वर्षं परी होते. पंख परत मागितले, मी दिले नाहीत, ते माझ्या पैशांचे आणि माझ्या हातचे आहेत. उरलेल्या खेळांना डेस्मंड आजारी पडला आणि म्हातारी कसायानं केली, पुस्तक हातात धरून. दिवसभर दारावर माणसं. कुणी पुडिंग आणतंय, कुणी सूप. "आम्हाला ठाऊक नव्हतं गं, एनिड." हसताना ठाऊक नव्हतं आणि आता सूप करताना सगळं ठाऊक! पुडिंगं मी घेते. सगळी पुडिंगं घेते, आभार मानत नाही. पाद्रीबुवा आले त्यांना दारातच उभं केलं.

विल्फ फाटकापर्यंत जातो. परवा पोस्टापर्यंत गेला. पोरं "काकू!" म्हणाली. त्यानं टोपी काढली.

मग नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी डेस्मंड आला. हातात फुलं. थकलेला वाटला, म्हातारा वाटला. मी दार अर्धंच उघडलं.

"एनिड, विल्फशी बोलायचंय."

"तुला बोलायला भरपूर वेळ मिळाला होता. तुझ्यासमोर उभा होता."

"मला वाटलं, तो तोंड वेडंवाकडं करतोय. देवाशपथ. म्हातारी करते ना तसं."

"आणि नंतर पबमध्ये? तेव्हा काय वाटलं?"

त्यानं हातातल्या फुलांकडे बघितलं. मी दार लावत होते, तेवढ्यात आतून विल्फ म्हणाला, "आत." एकच शब्द, न अडखळता. मला बाजूला व्हावं लागलं.

विल्फनं त्याला समोर बसवलं. बोलायच्या बाईनं दिलेल्या वाक्यांचा कागद त्याच्या हातात दिला. स्वतःकडे बोट दाखवलं, कागदाकडे दाखवलं, डेस्मंडकडे दाखवलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात मंगळवार दाखवला. मी समजले. बाई म्हणालीच होती, शब्द पूर्ण न करणारं माणूस समोर हवं. मी तर नापास झालेले. आणि हा डेस्मंड, ज्याला स्टेजवर एक श्वासभर शांतता सहन झाली नाही, जो विल्फच्या गप्प बसण्यात हशा भरत गेला, त्यानं आता बसायचं आणि ऐकायचं. एक शब्द न बोलता. दर मंगळवारी. विल्फला कंटाळा येईपर्यंत.

मला वाटलं, नाही म्हणेल. म्हणाला नाही. येतो. खुर्चीच्या कडेला बसतो, टाय घालून. मी त्याला चहा देते, साखरेशिवाय. तो तीन चमचे घेतो हे मला माहीत आहे.

पहिल्या मंगळवारी त्याचे ओठ हलायचे, विल्फ "दु... दु..." म्हणाला की त्याचं तोंड 'दुकान' म्हणायला उघडायचं आणि विल्फ त्याच्याकडे बघायचा. तोंड मिटायचं. मी दाराआडून बघत होते. मेव्हिस, एवढा आनंद मला नाताळच्या टर्कीनंही दिलेला नाही.

काल दुसरा मंगळवार. कागदावरची वाक्यं झाली. विल्फनं कागद उलटा ठेवला. डेस्मंड उठायला लागला तर विल्फनं हात वर केला, बस. आणि कागदावर नसलेलं वाक्य सुरू केलं.

इतका वेळ लागला की माझ्या हातातला चहा गार झाला. मी दाराआडून पुढे आले आणि उभी राहिले. मधले शब्द मला येत होते, डेस्मंडलाही येत असावेत, त्याचा चेहरा आधीच बदलला होता. पण कुणी पूर्ण केलं नाही.

"तू... हस... हसवत होतास... ते... मला... सगळं... ऐकू येत होतं."

डेस्मंडनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं आणि हुंदके देऊन रडायला लागला, लहान मुलासारखा, नाक वाहत. विल्फनं खिडकीकडे बघितलं. डेस्मंडनं खिसे चाचपले, कोटाचे, पँटचे, त्याला काही सापडेना, मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

इस्त्री केलेला रुमाल माझ्या एप्रनच्या खिशात होता. मी तो दिला नाही.

एनिड